देखाव्यातून हद्दपार झालेली माणसे

मराठीत 'देखावा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. डोंगर, नदी, सूर्यास्त यांचे सुंदर दृश्य म्हणजे देखावा. आणि आत एक असताना बाहेर भलतेच दाखवणे म्हणजेही देखावा. एकोणिसाव्या शतकात कॅमेरा नावाचे यंत्र हिंदुस्थानात आले. त्याने इथल्या शहरांची, इमारतींची, दऱ्याखोऱ्यांची जी छायाचित्रे काढली, त्यांना हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. ती चित्रे देखणी आहेत, याबद्दल वाद नाही. पण त्यांच्यात एक लबाडीही आहे आणि तिची किंमत आमचा समाज आजही मोजतो आहे.

निसर्गाचे किंवा जुन्या इमारतीचे चित्र म्हणजे निरुपद्रवी वस्तू, असे समजले जाते. त्यात कसले आले राजकारण? ताजमहाल म्हणजे ताजमहाल आणि दल सरोवर म्हणजे दल सरोवर. सुशिक्षित माणसेही असेच बोलतात. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. या चित्रांनी मुसलमानाची इमारत ठेवली आणि मुसलमान माणूस काढून टाकला. त्यातही बादशहा आणि नवाब नावापुरते तरी शिल्लक राहिले. विणकर, हमाल, गवंडी, भिश्ती, बाजारातला दुकानदार यांचे मात्र नावही राहिले नाही, सावलीही राहिली नाही. पुढे आमच्यातल्या मातब्बरांनी हीच चित्रे 'हमारी अज़मत' म्हणून दिवाणखान्यात लावली आणि त्या हकालपट्टीवर शिक्कामोर्तब केले.

यंत्राचा दोष की माणसाचा?

पहिला आक्षेप तंत्राचा येतो, तो आधी निकालात काढू. जाणकार सांगतील की त्या काळच्या कॅमेऱ्याला चित्र टिपायला वेळ लागे. चालता माणूस त्यात उमटतच नसे, त्याला छायाचित्रकार काय करणार? ही गोष्ट अर्धी खरी आहे. पॅरिसमध्ये दागेरने १८३८ साली एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. सारा रस्ता रिकामा दिसतो. बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. बूट पुसणारा मात्र हलत होता, म्हणून तो धूसर झाला. उभा राहण्याची फुरसत ज्याला होती तो इतिहासात आला आणि काम करणारा डाग बनून राहिला! पहिल्याच पानावर छायाचित्रकलेने आपला स्वभाव सांगून टाकला.

पण हा बचाव फार काळ टिकत नाही. १८५१ साली ओल्या काचेची पद्धत निघाली. काचेला रसायन लावायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. चांगल्या उन्हात या पद्धतीने काही सेकंदांत चित्र मिळू लागले. माणसाला 'थांब' म्हटले की तो थांबे आणि उमटे. छायाचित्रकारांनी माणसे थांबवलीही. मिनाराची उंची कळावी म्हणून पायथ्याशी एखादा माणूस उभा केला. कमानीचा भव्यपणा कळावा म्हणून एखादा पागोटेवाला बसवला. फूटपट्टी ठेवावी तशी माणसे ठेवली. तेव्हा माणूस टिपता येत नव्हता, हे म्हणणे फोल आहे. कोण दिसावे, कुठे दिसावे आणि कशासाठी दिसावे, हे कॅमेऱ्यामागचा माणूस ठरवत होता.

लखनौची हाडे

याचा सर्वांत भयंकर पुरावा लखनौचा आहे. फेलिचे बियातो हा व्यावसायिक छायाचित्रकार क्रिमियाच्या युद्धभूमीवर काम करून १८५८ च्या सुरुवातीला कलकत्त्यास उतरला आणि मार्च-एप्रिलमध्ये लखनौला पोहोचला. तिथे त्याने सिकंदरबागेचे चित्र काढले. ही बाग वाजिद अली शाहने आपल्या बेगमेसाठी उभारलेली. १८५७ च्या नोव्हेंबरात कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेतील ९३ व्या हायलँडर पलटणीने आणि चौथ्या पंजाब पलटणीने इथे सुमारे २,००० बंडवाल्यांना कापून काढले. बियातोच्या चित्रात मागे पडझड झालेली इमारत आहे, समोरच्या अंगणात हाडे आणि कवट्या विखुरल्या आहेत, आणि मधे काही हिंदी माणसे निमूट उभी आहेत.

आता तारखा पाहा. कत्तल नोव्हेंबरातली आणि चित्र पुढच्या वसंतातले. जॉर्ज कॅम्पबेल या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की प्रेते झाकली गेली होती. छायाचित्रकाराने हट्टाने ती पुन्हा उघडी करवून घेतली. म्हणजे हा देखावा मांडलेला आहे. नाटकाचा रंगमंच सजवावा तशी मेलेल्यांची हाडे सजवली आहेत. ती हाडे हिंदूंची की मुसलमानांची, हे कुणालाच सांगता येणार नाही. कंपनीच्या पलटणीत दोघेही होते आणि मेलेही दोघेच. पण विलायतेत ते चित्र पाहणाऱ्याला संदेश चोख मिळाला: बंड करणाऱ्यांचे असे होते. त्या चित्रात उभी असलेली जिवंत माणसे कोण, त्यांना तिथे कुणी उभे केले, आपल्याच माणसांच्या हाडांजवळ उभे राहताना त्यांना काय वाटले असेल, हे चित्राखालची ओळ सांगत नाही. ती पलटणींची नावे सांगते आणि मेलेल्यांचा आकडा सांगते.

एवढ्यावर लखनौची गोष्ट संपली नाही. बंड मोडल्यावर इंग्रजांनी दाट वस्तीच्या शहरातून रुंद रस्ते काढले, कारण अरुंद गल्ल्यांत फौज अडकते हे त्यांना कळले होते. मोहल्लेच्या मोहल्ले गेले. त्यानंतरची लखनौची छायाचित्रे पाहिली तर प्रशस्त रस्ते, मोकळी मैदाने आणि त्यांच्या मध्यभागी एकटा इमामबाडा दिसतो. पाहणारा म्हणतो, 'काय सुंदर, ऐसपैस शहर!' तो ऐसपैसपणा पाडलेल्या घरांचा आहे, हे चित्रात कुठेच लिहिलेले नसते.

दिल्लीतली मोकळी जागा

दिल्लीत तर हे आणखी उघडपणे झाले. १८५७ च्या सप्टेंबरात शहर पडले आणि रहिवाशांना बाहेर हाकलण्यात आले. परत येण्याची परवानगी मिळताना मुसलमानांना सर्वांत जास्त थांबावे लागले. जामा मशीद जप्त झाली, ती १८६२ साली अटी घालून परत मिळाली. लाल किल्ल्यातील बहुतांश इमारती पाडून तिथे बराकी बांधल्या. किल्ल्याच्या तटापासून ४४८ यार्डांच्या आतले जवळजवळ सगळे जमीनदोस्त करण्याचा हुकूम निघाला, तोफांना समोर मोकळा मारा मिळावा म्हणून. अकबराबादी मशीद गेली. खास बाजार गेला, उर्दू बाजार गेला, खानम का बाजार गेला. मिर्झा ग़ालिब बल्लीमारानमध्ये बसून दोस्तांना पत्रे लिहीत होते आणि एकेका गल्लीचा, एकेका घराचा मर्सिया गद्यात मांडत होते. ज्यांना उर्दू येते त्यांनी ती पत्रे या छायाचित्रांच्या शेजारी ठेवून वाचावीत. दोन्हींत दिल्ली तीच आहे, पण पत्रांत माणसे आहेत आणि छायाचित्रांत जागा आहे.

१८६० च्या दशकात काढलेल्या चित्रांत जामा मशिदीच्या पायऱ्यांसमोर मोठी मोकळी जागा दिसते. मशीद त्यामुळे पूर्ण दिसते, डौलदार दिसते. कॅमेऱ्याला अंतर हवे असते आणि ते अंतर सुरुंग लावून तयार केलेले होते. तोफेला जी मोकळी जागा हवी होती, तीच कॅमेऱ्याच्या कामी आली. आम्ही हे अलंकारिक भाषेत म्हणत नाही. या पिढीतला सर्वांत नावाजलेला इंग्रज छायाचित्रकार सॅम्युएल बोर्न याने १८६३ साली स्वतःच अशा अर्थाचे लिहिले आहे की पितळी तोंडाची ही तिपाई पाहून नेटिवांना कळले, आपल्या जेत्यांनी तोफांखेरीज दुसरीही यंत्रे शोधली आहेत आणि ती कमी आवाज, कमी धूर करून आपले काम साधतात. जो स्वतः कॅमेऱ्याला तोफेच्या शेजारी बसवतो, त्याच्या चित्राला निव्वळ निसर्गचित्र म्हणण्याचा भोळेपणा आम्ही का करावा?

आमच्या माणसांच्या हातून

इथे कुणी म्हणेल, सगळा दोष गोऱ्यांच्या माथी मारणे सोपे आहे. आम्हाला ते सोपे काम करायचे नाही.

सर सय्यद अहमद खान यांचे 'आसारुस्सनादीद' हे दिल्लीच्या इमारतींवरचे गाजलेले पुस्तक कॅमेऱ्याने दिल्ली ताब्यात घेण्याच्या आधीचे. १८४७ च्या पहिल्या आवृत्तीत इमारतींबरोबर एक पूर्ण प्रकरण दिल्लीच्या माणसांवर होते. त्यात सूफी होते, आलिम होते, हकीम होते, शायर होते, खुशनवीस होते, गाणारे-वाजवणारेही होते. १८५४ ची दुसरी आवृत्ती इंग्रजी पुरातत्त्वाच्या पद्धतीने, अधिक शिस्तशीर करून निघाली आणि तिच्यातून माणसांचे हे प्रकरण गळाले. शिलालेख राहिले, मोजमापे राहिली, माणसे गेली. म्हणजे बंडापूर्वी तीन वर्षे, तोफेचा एक गोळाही न सुटता, आमच्या एका थोर माणसाच्या ग्रंथातून दिल्लीकर बाहेर पडले होते. विद्वत्तेची नवी व्याख्याच अशी होती की दगड शास्त्रीय आणि माणूस अवांतर. पहिल्या आवृत्तीतही मोची, विणकर, भिश्ती यांना वेगळे प्रकरण मिळाले नव्हते, हेही सांगून टाकतो. शरीफांची यादी गळाली तेव्हा हळहळणारे पुष्कळ निघाले. जे कुठल्याच यादीत नव्हते, त्यांच्यासाठी कोण हळहळणार?

दुसरे उदाहरण लखनौच्या दारोगा अब्बास अली यांचे. १८७४ साली त्यांनी लखनौच्या ५० छायाचित्रांचा संग्रह नकाशासह प्रसिद्ध केला. कॅमेऱ्यामागे मुसलमान, शहर मुसलमानी तहजीबचे, नवाबी संपून जेमतेम अठरा वर्षे झालेली. पण हा संग्रह आहे कुणासाठी? बंडाच्या जागा पाहायला येणाऱ्या साहेब लोकांसाठी. रेसिडेन्सी कुठे, वेढा कुठे पडला, कोणता इंग्रज सेनापती कुठे लढला, या क्रमाने लखनौ उलगडते. अब्बास अलींना आम्ही नावे ठेवत नाही. पराभूत शहरात पोट भरायचे तर गिऱ्हाईक सांगेल ते विकावे लागते. पण यातून मिळणारा धडा मोलाचा आहे. हात आपला असला म्हणून नजर आपली असतेच असे नाही. 'आपला माणूस' अधिकाराच्या जागी बसला की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्या आजच्या पुढाऱ्यांनी हा संग्रह एकदा चाळावा.

काश्मीर: जन्नत आणि बेगार

बोर्न १८६४ साली काश्मीरला गेला. त्याने काढलेले श्रीनगरच्या पॉपलर वृक्षांच्या रांगेचे चित्र जगभर नावाजले गेले. दोन्ही बाजूंना सरळसोट उंच झाडे, मधे दूरवर जाणारी वाट, आणि शांतता. हीच ती काश्मीरची जन्नत. आता या जन्नतीच्या चौकटीबाहेर काय चालले होते, ते पाहू.

१८४६ च्या अमृतसर करारात इंग्रजांनी काश्मीर ७५ लाख नानकशाही रुपयांना गुलाबसिंगाला विकले. जमीन विकली, तशी माणसेही विकली गेली. शालीवर जबर कर होता आणि त्यासाठी 'दाग़-शाल' नावाचे वेगळे खातेच होते. विणकराला धंदा सोडण्याची मुभा नव्हती, मुलूख सोडण्याचीही नव्हती. बोर्न आपली काचपात्रे गुंडाळून काश्मीरमधून निघाला, त्याच्या दुसऱ्याच वर्षी, २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या ज़ालडगर भागात शालविणकरांनी या जुलुमाविरुद्ध मोर्चा काढला. डोग्रा फौज त्यांच्यावर चालून गेली. कित्येक मारले गेले, कित्येक पळताना पाण्यात बुडाले. हिंदुस्थानातील कामगारांच्या अगदी आरंभीच्या उठावांपैकी हा एक. पॉपलरची रांग जगाला ठाऊक आहे; ज़ालडगर किती जणांना ठाऊक आहे? आमच्या उर्दू शाळांतील मुलांनाही ते ठाऊक नसते. त्यांना काश्मीर म्हटले की शिकारा आठवतो.

आणि ती पॉपलरची रांग टिपायला लागणारे सामान कुणाच्या पाठीवर होते? ओल्या काचेच्या पद्धतीला शेकडो काचा, रसायनांच्या बाटल्या, अंधारा तंबू, भलामोठा कॅमेरा लागे. साहेबाचे खाणेपिणे, खुर्ची-पलंग वेगळे. १८६३ च्या पहिल्या हिमालय प्रवासात बोर्नबरोबर तीसेक हमाल होते, पुढे ही संख्या वाढतच गेली. गावचा अधिकारी हुकूम करी आणि माणसे नांगर सोडून ओझ्याला धरली जात. यालाच बेगार म्हणत. लंडनच्या छायाचित्रण-पत्रिकेत बोर्नने आपले प्रवास लिहिले, त्यात तो या हमालांबद्दल सतत कुरकुर करतो. ते ओझी टाकून पळून जातात, घरात लपून बसतात, आणि मग आपण काठी कशी चालवली, हे तो लाज न बाळगता सांगतो. वाचणाऱ्यांनाही त्यात काही वावगे वाटले नसावे.

आमच्या मते बोर्नच्या लिखाणातली ही कुरकुर म्हणजेच त्या हमालांचा एकमेव शिल्लक राहिलेला जबाब आहे. त्यांनी अर्ज लिहिले नाहीत, वर्तमानपत्र काढले नाही. ते ओझे टाकून पळाले. हिमालयाच्या प्रत्येक शुभ्र, निर्मनुष्य चित्रामागे अशी तीस-चाळीस माणसे बर्फात उभी आहेत. काच धुवायला पाणी त्यांनी आणले, तंबू त्यांनी ठोकला आणि कॅमेऱ्याचे झाकण उघडायच्या वेळी त्यांना 'बाजूला सरा' म्हणून सांगितले गेले. निर्मनुष्य दृश्य तयार करायला इतकी माणसे लागतात!

विजापूर: जिवंत जागेचा झाला 'अवशेष'

आता आपल्या भागाकडे येऊ. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाडही होते. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने जुन्या इमारती टिपण्यासाठी बिग्ज नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला नेमले. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १८६६ साली लंडनमध्ये विजापूरच्या वास्तूंवर छायाचित्रांचा मोठा ग्रंथ निघाला. त्याचा मजकूर मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन यांचा.

या ग्रंथाचे उपकार आम्ही नाकारत नाही. पुढे जे ढासळले ते कसे होते, हे आज त्यावरूनच कळते. पण अशा ग्रंथांनी एक नवी सवय लावली. गोल घुमट, इब्राहिम रोजा, जामा मशीद, आसार महाल यांना एका माळेत ओवून 'अवशेष' हे एकच नाव दिले. विजापूर १६८६ साली औरंगजेबाने जिंकल्यानंतर उतरणीला लागले, दुष्काळांनी ते आणखी ओस पडले, हे खरेच. पण ते मेले नव्हते. जामा मशिदीत अज़ान होत होती. आसार महाल हा पुस्तकाच्या दृष्टीने सतराव्या शतकातला राजवाडा; पण आसपासच्या गोरगरिबांच्या दृष्टीने तिथे मू-ए-मुबारक आहे, ती ज़ियारतची जागा आहे. दर्ग्यांचे उरूस भरत होते आणि त्यांत मुसलमानांइतकेच लिंगायत, धनगर, मराठे येत होते. ही जी मिसळण होती, ती कॅमेऱ्यात आली नाही. ती टिपणे यंत्राला अशक्य नव्हते. ती टिपण्याजोगी आहे, असेच कुणाला वाटले नाही. पुढे १८८५ च्या सुमारास जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून विजापुरास आले, तेव्हा आदिलशाही महालांत सरकारी कचेऱ्या थाटण्यात आल्या. ज्याला आधी 'वारस नसलेला अवशेष' ठरवले, तो ताब्यात घेणे किती सोपे जाते!

ही चाल फक्त मुसलमानांवरच चालली, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्सने १८६१ साली योसेमिटी दरीची भव्य चित्रे काढली. ती पाहणाऱ्याला वाटते, सृष्टीच्या पहिल्या दिवसापासून इथे मानवाचे पाऊल पडलेले नाही. त्याआधी दहाच वर्षे, १८५१ साली, सशस्त्र तुकडीने तिथल्या आदिवासी अवाहनीची लोकांची घरे जाळून त्यांना हुसकावले होते. पॅलेस्टाईनमध्ये फ्रान्सिस फ्रिथसारखे छायाचित्रकार बायबलातील जागा शोधत फिरले. तिथला जिवंत अरब शेतकरी त्यांना दिसला तो बायबलातील एखाद्या पात्राचा नमुना म्हणून. जी भूमी चित्रात कायम रिकामी दिसली, ती पुढे 'माणसांविना भूमी' म्हणवली गेली, आणि १९४८ साली सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनींना तिच्यातून बाहेर पडावे लागले. चित्रामुळे हे घडले असे आम्ही म्हणत नाही. चित्राने ते घडणे सोपे केले, एवढे मात्र म्हणतो.

दोन छावण्या, एकच चित्र

आता आजचे बोलू. आज आमच्याविषयी बोलणाऱ्या दोन छावण्या आहेत. एक छावणी म्हणते, या आक्रमकांच्या इमारती. दुसरी, आमच्यातलीच, म्हणते, या आमच्या आबाओ-अजदादच्या इमारती, आम्ही आठशे वर्षे राज्य केले. दोघांचा आवाज चढलेला असतो, पण दोघांच्या हातात चित्र एकच असते: बोर्न-बियातोने काढलेले, माणसे पुसून टाकलेले. दोघांच्या लेखी मुसलमान म्हणजे घुमट. पिंजारी, मण्यार, बागवान, मोमीन, छप्परबंद, आतार हे कुणाच्याच चित्रात नाहीत. यांच्या पूर्वजांनी राज्य केले नव्हते. राज्य कुणाचेही असो, त्यांनी कर भरला होता आणि ओझी वाहिली होती. 'आम्ही राज्य केले' हे वाक्य ज्याच्या तोंडी शोभेल असे फार थोडे लोक या समाजात आहेत आणि शिव्या मात्र त्या वाक्यासाठी साऱ्या समाजाला खाव्या लागतात.

चौकटीतून काढलेली माणसे गेली कुठे, याचे निदान एक उत्तर आपल्या महाराष्ट्रात आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर आणि पुढच्या दुष्काळांत अवध आणि पूर्वेकडच्या जिल्ह्यांतले मोमीन विणकर हातमाग मोडून दक्षिणेकडे निघाले. बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी, कामठी इथे त्यांनी पुन्हा माग मांडले. लखनौच्या प्रशस्त मोकळ्या चित्रांतून जे बाहेर पडले, त्यांची नातवंडे-पणतवंडे आज मालेगावात यंत्रमागावर बारा तास उभी आहेत. इमामबाड्याच्या भिंतीवरच्या चित्रापेक्षा मालेगावच्या मागाचा खडखडाट हा आमच्या इतिहासाचा अधिक खरा दस्तऐवज आहे. पण कोणत्या मुस्लिम घराच्या दिवाणखान्यात मागावर बसलेल्या आजोबांचे चित्र लावलेले असते? तिथे ताजमहालच असतो.

आणि मोकळ्या जागेचे सौंदर्य आजही विकले जातेच. अतिक्रमण हटवल्यावर 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन चित्रे शेजारी छापली जातात. 'आधी'त गर्दी, पत्रे, दोरीवरचे कपडे. 'नंतर'मध्ये स्वच्छ मैदान. पाहणाऱ्याला 'नंतर'चे चित्र आवडते, ४४८ यार्डांची मोकळी जागा आवडावी तसेच. रीतसर नोटीस दिल्याशिवाय आणि म्हणणे ऐकल्याशिवाय कुणाचे घर पाडता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला १३ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट शब्दांत बजावावे लागले. न्यायालयाने कायद्याचे काम केले. पण 'स्वच्छ' जागा पाहून सुखावणारी जी नजर दीडशे वर्षे घडवली गेली, ती बदलण्याचे काम न्यायालय करू शकत नाही. ते शिक्षकाचे आणि लेखकाचे काम आहे.

मग ही चित्रे फेकून द्यायची का? मुळीच नाही. ती फेकली तर पुरावा जाईल. सिकंदरबागेचे चित्र नसते तर तिथे काय झाले, हे आज कुणी मानलेही नसते. चित्रे ठेवा, पण ती वाचायला शिका आणि मुलांना शिकवा. इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या इमारतीचे किंवा दरीचे चित्र आले की मुलांना चार प्रश्न विचारले पाहिजेत. हे चित्र कोणत्या साली काढले आणि त्याआधी पाच-दहा वर्षांत तिथे काय घडले? कॅमेरा वाहून कुणी आणला? चित्रातला माणूस स्वतः उभा आहे की त्याला उभे केले आहे? आणि चित्राखालची ओळ कुणी, कुणासाठी लिहिली? या चार प्रश्नांना पैसा लागत नाही, संगणक लागत नाही, शासनाचे परिपत्रकही लागत नाही. सातवीतला मुलगाही ते विचारू शकतो. एकदा त्याला सवय लागली की तो वर्तमानपत्रातल्या 'आधी-नंतर'लाही हेच विचारील.

आणखी एक काम आमच्या लेखकांनी अंगावर घ्यावे. मालेगाव, भिवंडी, मिरज, सोलापूर, औसा, कोकणातली बंदरे, जिथे जिथे आमची वस्ती आहे, तिथल्या घरांच्या ट्रंकांतून जुनी छायाचित्रे बाहेर काढावीत. विडी वळणाऱ्या बायका, उरुसातली दुकाने, मागावरचे आजोबा, जहाजावर नोकरीला निघालेले चाचा. त्यांच्या मागे नावे लिहावीत, गाव लिहावे, साल लिहावे, कामधंदा लिहावा. जी माणसे ओळखणारे म्हातारे आज हयात आहेत, ते उद्या नसतील; मग ही चित्रेही बिननावाची होतील आणि कुणीतरी त्यांनाही 'अवशेष' म्हणेल.

घुमट टिकवायला पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे. माणसांना तो फलक नाही. त्यांना टिकवायचे तर त्यांच्या नावानिशी लिहावे लागेल, आणि ते लिहायला बाहेरून कुणी बियातो किंवा बोर्न येणार नाही.